मी उजळलेल्या सावल्या

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी मारतहळ्ळीच्या पुलाखाली टॅक्सीत अडकले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. स्टुडिओच्या ग्रुपवर एका ओळीचा निरोप आला, की सिनेमाचे कॅमेरामन व्यंकटराव शितोळे आज सकाळी राहत्या घरी वारले. फिरून आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि गेले, असं नंतर समजलं. टॅक्सीवाला फोनवर कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलत होता, पुढची बस हलत नव्हती… आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. ‘आता ते मला परत विचारणार नाहीत’ असं आलं. सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं, पण ते त्यानंतर. त्याला आता दोन महिने होत आले. अण्णांच्या कामाबद्दल या काळात बऱ्याच जणांनी चांगलं लिहिलं. मी टाळत होते, कारण लिहायचं तर मला त्या टॅक्सीतल्या क्षणापासून लिहावं लागणार होतं.

माझं काम रंगांचं. सिनेमाचं चित्रीकरण आणि संकलन झालं की प्रत्येक दृश्याचा रंग आणि उजेड शेवटचा जुळवून घ्यायचा असतो, ते मी करते. लग्नानंतर नाशिकहून इथे आले, सर्जापूर रोडला घर घेतलं आणि रिंग रोडजवळच्या एका स्टुडिओत लागले. पहिलं वर्ष फार एकटं गेलं. एकदा जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर मागे एक उंच, किडकिडीत गृहस्थ थांबलेले. “कुठल्या गावची म्हणायची तू?” त्यांनी विचारलं. मी नाशिक म्हटलं. “मग तुझं मराठी चांगलं असणार. आमचं घरापुरतं. भाजी आणायला बाहेर पडलं की संपलं,” ते म्हणाले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं. घरात मराठी, पण दर चौथा शब्द कन्नड. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. पुढची नऊ-दहा वर्षं त्यांच्या प्रत्येक सिनेमाचे रंग मी केले. ते माझ्या खुर्चीमागे बसायचे. मी उजेड वाढवू लागले की “स्वल्प… स्वल्प…” म्हणायचे, म्हणजे जरासा. आणि मग “साकु.” म्हणजे पुरे. माझ्या मनात असायचं त्याच्या बरंच अलीकडे ते साकु यायचं.

त्यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको, पण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा खोली उजळत नसत. खोलीत मुळात जेवढा उजेड असेल तेवढ्यातच माणसांना बसवत. विणकरांवरच्या त्यांच्या सिनेमात मागाच्या खोलीला कौलातली एक काच तेवढी आहे. तिच्यातून पडणारा उन्हाचा तुकडा सकाळी मागावर असतो आणि दुपारी भिंतीवर चढतो. म्हातारा विणकर त्या तुकड्यामागोमाग आपलं बसणं सरकवत राहतो. कुणी एक शब्द बोलत नाही, पण त्याची नजर अधू होत चालली आहे हे आपल्याला कळतं. त्यासाठी अण्णा चित्रीकरणाआधी चार दिवस त्या खोलीत नुसते बसून होते. बस कंडक्टरच्या गोष्टीत सगळे चेहरे ओल्या खिडकीच्या काचेतून येणाऱ्या करड्या उजेडात आहेत, आणि एकदाच, शेवटच्या थांब्यावर, ऊन पडतं. लोक त्यांना अंधाराचा कॅमेरामन म्हणायचे. त्यांना ते आवडत नसे. “अंधार तर असतोच की,” म्हणायचे. “उजेड कुठे ठेवायचा, तेवढंच माझं काम.” पोटासाठी त्यांनी मालिकाही केल्या. तिथे सगळ्यांचे चेहरे एकसारखे गोरेगोमटे ठेवायचे, आणि त्याबद्दल कुरकूर करायची नाही.

एकदा त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. रविवारभर आपल्या स्वयंपाकघरात दिवा लावायचा नाही, आणि उजेड केव्हा कुठे पोचतो ते लिहून ठेवायचं. माझा नवरा हसला, पण मी केलं. आमची खिडकी समोरच्या उंच इमारतीवर उघडते, म्हणून ऊन थेट कधी येत नाही. पण दुपारी चारच्या सुमाराला समोरच्या काचांवर आपटून ते उलटं आमच्याकडे येतं. जेमतेम अर्धा तास गॅसची शेगडी, सिंक, डबे हिरवट पिवळे होतात. मी ते वाचून दाखवलं तेव्हा अण्णा सरळ होऊन बसले. “हे मला ठाऊक नव्हतं,” म्हणाले. वर्षभराने आयटीतल्या एका नवरा-बायकोच्या सिनेमात त्यांनी नेमका तोच उजेड वापरला. दोघं भांडतात, गप्प होतात, आणि मग ते परतून आलेलं ऊन ओट्यावर चढतं. पहिल्या खेळानंतर लोक त्यांचं कौतुक करत होते. त्यांनी गर्दीतून मला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाले, “हा उजेड हिच्या स्वयंपाकघरातला आहे. मी नुसता उचलून आणला.” अण्णा असे होते. हे आधी सांगितलं, कारण पुढचं माझं आहे.

त्यांचा शेवटचा सिनेमा देवनहळ्ळीच्या बाजूच्या एका शेतघरातला. आई आणि मुलगी, मागे चकोतऱ्याची, म्हणजे पपनसाची, झाडं, आणि चहूकडे प्लॉट पडत चाललेले. आईने मुलीला न विचारता जमीन विकण्याच्या कागदांवर सह्या केल्या आहेत. ती स्वयंपाकघरात बसून मुलीला ते सांगते. अण्णांनी तो प्रसंग जवळजवळ काळोखात घेतला होता. आईच्या गालाची एक कड, मनगटावरच्या बांगड्या आणि पितळी तपेल्याचा काठ, एवढंच दिसतं. आवाज अगदी शांत. आपल्याला वाटतं, बाईने मन घट्ट केलंय. मग मुलगी उठून मागचं दार उघडते, ऊन आत येतं, आणि आई सगळा वेळ रडत होती हे आपल्याला मुलीबरोबरच पहिल्यांदा दिसतं. या एका दाराभोवती अण्णांनी सगळा सिनेमा बांधला होता. स्टुडिओत त्या दारापाशी आम्ही तीन दिवस घालवले. कितीदा साकु म्हणाले असतील…

थिएटरात सिनेमा फारसा चालला नाही. काही महिन्यांनी घरबसल्या बघण्याच्या एका वाहिनीने तो घेतला, आणि निर्माते माझ्याकडे आले. लोक फोनवर बघतात, बसमध्ये बघतात, या काळोखात काहीच दिसत नाही, तक्रारी येतील, सगळा उजेड जरा वर उचलून द्या, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, “अण्णांना सांगितलंय का?”

“मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही सुरू करा.”

ते बोलणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या फोनमध्ये अण्णांचा नंबर वरच होता, मी लावला नाही. त्या निर्मात्यांचे पुढचे दोन सिनेमे माझ्याकडे यायचे होते. पण मी घाबरले म्हणून केलं, असं सांगून मला सुटता येत नाही, कारण ते काम मी आवडीने केलं. स्वयंपाकघराचा प्रसंग उचलायला लागले तसा काळोखातून त्या नटीचा चेहरा वर येऊ लागला. थरथरणारी हनुवटी, डोळ्यांतून संथ वाहणारं पाणी, सगळं त्यात होतं. इतकं सुंदर काम अण्णांनी झाकून ठेवलंय, असं मला वाटलं. आपण काहीतरी शोधून काढलं, असं वाटलं. मी आणखी उचललं. आता आई पहिल्या वाक्यापासूनच रडताना दिसत होती. पुढे मुलगी दार उघडते तेव्हा फक्त एक दार उघडतं. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसलं, आणि मी पुढच्या दृश्याकडे गेले. निर्माते खूश झाले. म्हणाले, आता कुठे सिनेमा दिसतोय.

सिनेमा वाहिनीवर आला त्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. मी स्टुडिओत एकटी होते. जेवलीस का, तुझ्या मुलीची परीक्षा कशी झाली, असं सगळं विचारून झालं. मग म्हणाले, “वृंदा, ते स्वयंपाकघर कुणी केलं?”

“मला नाही माहीत अण्णा,” मी म्हणाले. “फाइल बाहेर गेली होती. तिकडेच कुणीतरी केलं असेल.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाले, “सरी.” बरं, म्हणाले. आणि फोन ठेवला. त्यानंतर ते सात-आठ महिने होते. दोनदा फोन आला, मी उचलला नाही, नंतर मेसेज केला की कामात आहे. एकदा स्टुडिओत येऊन गेले तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर बसून राहिले, त्यांची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण अण्णांच्या जुन्या सहायकांनी शोकसभा ठरवली आणि त्यांच्या सिनेमांतले निवडक प्रसंग दाखवायचे म्हणून माझ्याकडे चांगल्या प्रती मागितल्या. देवनहळ्ळीच्या सिनेमाची मूळ प्रत, अण्णांनी साकु म्हटलेली, माझ्या कपाटातल्या डिस्कवर होती. मी ती हातात घेतली. मग मनात आलं, ही दाखवली तर कुणीतरी विचारेल की आम्ही घरी पाहिली ती अशी नव्हती, ती कुणी बदलली? मी डिस्क परत ठेवली आणि उजळलेली प्रत पाठवून दिली. सभेत मोठ्या पडद्यावर ते स्वयंपाकघर आलं, लख्ख. माझ्या शेजारी बसलेली एक तरुण दिग्दर्शिका हळूच म्हणाली, “बघा, चेहऱ्यावर काय सुंदर लाइट केलंय अण्णांनी.” मी मान हलवली. पुढच्या रांगेत अण्णांच्या पत्नी, शारदक्का, बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि मग प्रसंग संपेपर्यंत त्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. नंतर मला बोलायला उभं केलं. अण्णांच्या उजेडाबद्दल मी दहा मिनिटं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी दुपारी मी ती डिस्क घेऊन चामराजपेटच्या त्यांच्या घरी गेले. शारदक्कांनी आत घेतलं, कॉफी दिली. मी पेला हातात न घेताच सांगून टाकलं. सिनेमा मी बदलला, अण्णांना खोटं सांगितलं, सभेत दाखवलेलंही माझंच.

“त्यांना ठाऊक होतं की,” अक्का म्हणाल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“बघितलं त्याच दिवशी कळलं. वृंदाचा हात आहे, म्हणाले. सावलीत निळा स्वल्प जास्त घालते ती, किती सांगितलं तरी ऐकत नाही.”

“मग मला विचारलं कशाला त्यांनी?”

“तेच लागून राहिलं होतं त्यांना.” अक्का पदराने चष्मा पुसत होत्या. “विचारायला नको होतं, म्हणायचे. मी विचारलं म्हणून ती खोटं बोलली. नुसतं येऊन बसली असती तर बरं झालं असतं. दोनदा फोन केला तो हेच सांगायला, की सोडून दे म्हणून. तू उचलला नाहीस.”

मी डिस्क पुढे केली. अक्कांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पुस्तकांच्या फळीवर ठेवली. मला वाटलं होतं त्या लगेच लावायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही.

निर्मात्यांना मी मूळ प्रत चढवण्याची विनंती केली आहे. कुणाची तक्रार नाही, मग आता कशाला, असं उत्तर आलं. म्हणजे घरोघरी जी दिसते ती प्रत माझीच राहणार. तुम्ही ती पाहिली असेल, तर त्यातलं स्वयंपाकघर शितोळे अण्णांचं नाही. त्यांनी तो चेहरा तुम्हाला इतक्या लवकर दाखवला नसता. हे छापून यावं एवढ्यासाठी मी हा लेख लिहिला.

त्या दुपारी अक्कांकडून मी लगेच उठले नाही. आभाळ भरून आलं होतं, समोरच्या घरांमुळे त्या बैठकीत आधीच उजेड कमी येतो, आणि बघता बघता खोली पार अंधारली. अण्णांची खुर्ची खिडकीशी होती, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल होता. अक्का म्हणाल्या, “दिवा लावू काय? तुला दिसत नसेल.” मग स्वतःच म्हणाल्या, “ते असताना दिवसा लावू देत नव्हते. आता कोण अडवणार, तरी हात जात नाही बघ.”

मी नको म्हटलं. अक्का समोरच बसल्या होत्या, पण त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. रागावल्या होत्या की दमल्या होत्या की आणखी काही, कळत नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही. डोळे सरावायला वेळ लागतो. मी कॉफीचा गार झालेला पेला हातात घेऊन बसून राहिले.