पालकाचं पत्र

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नव्वदच्या सुमारास पनवेलच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक बाई होत्या. नायक असलेला जादूगार 'मी' म्हणून स्वतःची गोष्ट सांगतो, अशी एक कादंबरी त्या वाचून दाखवत आणि पानोपानी विचारत, "हा 'मी' आपल्यापासून काय लपवतोय?" पोरं माझ्या तासालाही त्यांचंच कौतुक करत. जळून मी 'एक पालक' म्हणून निनावी तक्रार लिहिली. मुख्याध्यापकांनी ती बाईंना दिली, बाईंनी थेट वर्गात वाचली. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो.

"ओळखा, हा 'मी' कोण?"

"बाई, हा पालक नाय, मास्तर हाय. माजा बापूस कवा 'अध्यापनपद्धती' लिवील काय?"

"शाब्बास! नाव नको, पुरावा पुरे."

मधल्या सुट्टीत त्यांनी रोजच्यासारखा डबा माझ्यापुढे सरकवला. मी जेवलो.

ते पत्र माझं होतं, ही कबुली मी त्यांना अजून देणं लागतो.