हीपवरची जागा

"मागा लागते?" सर म्हणाले. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. मले वाटलं, आवाज नीट गेला नसन.

"सर, प्रोग्राम चालू असतानी मेमरीत जागा लागली त ते हीपवरून, मेमरीच्या मोकळ्या साठ्यातून, मागा लागते. मॅलोक फंक्शन लिहून."

सर खुर्चीत मागं रेलले. साऱ्या लॅबले ऐकू जाईन असं बोलले, "मागा लागते! बरोबर आहे. तुम्हा लोकांना मागायचीच सवय. हीपवर जागा राखून ठेवतात, बरं का. राखीव जागा. हे तरी तुला घरूनच यायला पाहिजे होतं."

लॅब हसली. पूर्ण लॅब. बाजूच्या कम्प्युटरवर माही मैत्रीण होती. आमी रोज एका डब्यात जेवत होतो. तीही हसली. मंग खाली पाहू लागली.

अमरावतीतलं इंजिनीअरिंग कॉलेज. डेटा स्ट्रक्चरची तोंडी परीक्षा. स्क्रीनवर माहा प्रोग्राम चालू होता. लिंक्ड लिस्ट. एक नोड दुसऱ्याले जोडलेला, दुसरा तिसऱ्याले. बरोबर चालून राहिला होता. सरनं तिकडं पाह्यलंच नाही.

मी राखीव जागेवरच आली होती. खोटं काहून बोलू? बाबाचं वलगावले वेल्डिंगचं दुकान. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सर शहरातल्या वकिलाच्या घरचे. बाप शिकलेला, आजा शिकलेला. त्याइची जागा कोणी राखून ठेवली होती, हे त्याइले कोणी कधी विचारलं नाही.

हे मी आज लिहून राहिली. तवा मी प्रोग्राम बंद करून उठली. सरनं पुढचं नाव पुकारलं.

घरी बाबाले सांगितलं. बाबा म्हणाले, "डिग्री घे माय. बाकी ऐकून सोडून दे. मोठी माणसं बोलतेच."

आईनं एवढंच विचारलं, "तू चुकली का?"

"नाही."

"मंग तू काहून रडून राहिली?"

दुसऱ्या दिवसापासून मी माही बोली बदलाले घेतली. एसटीत खिडकीकडं तोंड करून पुटपुटत जाय. मला. तुला. करते आहे. जाते आहे. वर्गात शंका आली त आधी मनात शुद्ध वाक्य जुळवाचं. ते जुळेपर्यंत सर पुढच्या पानावर. मंग मी विचारणंच सोडलं. सर म्हणत, "समजलं का?" मी मान हलवत होती. मुकी झाली होती मी, अन घरचे म्हणत, पोरगी किती शहाण्यासारखी वागून राहिली.

मंग सेमिनार आला. विषय सरनंच दिला. स्टॅक अन हीप, मेमरीचे दोन भाग. मी पूर्ण भाषण शुद्ध भाषेत पाठ केलं. फळ्यापुढं उभी राहिली, सुरू केलं, अन मधातच वाक्य तुटलं. समोर सारा वर्ग. कोणीतरी खोकललं.

"काय झालं?" सर म्हणाले. "घरची भाषा आली का तोंडात? इथे शुद्ध बोलायचं. जमत नसेल तर खाली बस."

माहे पाय बाकाकडं वळले. आपोआप वळले. तवा मले राग आला. सरचा नंतर आला. आधी माह्या पायांचा आला.

"नाही बसत," मी म्हटलं.

"काय?"

"मी नाही बसत, सर. मले विषय येते. मी सांगते, तुमी ऐका."

हातातला खडू तुटला. तुटलेल्या खडूनंच मी फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले, अन बोलली.

"फंक्शनच्या आत साधा नोड बनवला त तो स्टॅकवर राह्यते. फंक्शन संपलं का त्याची जागा गेली. मंग त्याचा पत्ता वापस देऊन फायदा नाही, तिथं दुसरं कोणीही येऊन बसन. नोड टिकवाचा असन त जागा हीपवर घ्या लागते. भेटली का नाही, ते पाहा लागते. अन काम झालं का ते जागा आपल्याच हातानं मोकळी करा लागते."

कोणी हसलं नाही. सर उठले अन मधातूनच निघून गेले. दार आपटलं. मी थांबली नाही. रिकाम्या खुर्चीपुढं पूर्ण सेमिनार दिला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखानं बोलावलं. "उद्धटपणा केलास. सरांची माफी माग, इथेच मिटवू."

"मी काय चुकीचं बोलली ते सांगा. आत्ता मागते."

त्याइनं पेन फिरवला. "चुकीचं नाही ग. पण बोलायची एक पद्धत असते."

"तोंडी परीक्षेत सर मले जे बोलले, ते कोणती पद्धत?"

"बाहेर जा."

मार्क सरच्याच हातात होते, त्या विषयात मी नापास झाली. मैत्रीण म्हणाली, "माफी मागून टाकायची ना, काय जातं?" तिच्या डब्यात मी परत हात घातला नाही. बाबा माह्या आधीच जेवून दुकानात जाऊन बसत. मले वाईट वाटलं. पण मी माफी मागाले गेली नाही. परीक्षा परत दिली, दुसऱ्या परीक्षकापुढं, अन पास झाली.

आता मी अकोल्याच्या एका कॉलेजात हाच विषय शिकवते. वऱ्हाडीत शिकवते. स्टाफरूममध्ये म्हणतात, मॅडम, तुम्ही लेव्हल खाली आणता. म्हणू द्या.

परवा एका पोरीले उभं केलं. विचारलं, घेतलेली जागा मोकळी नाही केली त काय होते? पोरीले उत्तर येत होतं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण तोंड उघडाच्या आधी तिनं मान फिरवली अन वर्गाकडं पाह्यलं. आपल्याले कोण हसन, ते पाहाले. मले माही ते लॅब आठवली.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल परीक्षा हाये. बाहेरून परीक्षक येतीन. कोण, ते मालूम नाही. त्याइच्या बाजूच्या खुर्चीवर कॉलेजची परीक्षक म्हणून मी बसणार हाये. उत्तर चुकलं त मार्क कापा, माहं काही म्हणणं नाही. पण कोण्या पोरीच्या बोलण्यावर, तिच्या घरावर, तिच्या जातीवर एक शब्द निघाला, त मी सगळ्याइच्या समोर परीक्षा बंद पाडीन. काय बोलले ते शब्दाले शब्द विद्यापीठाले लिहून पाठवीन. खाली माही सही राहीन.

माही नोकरी कंत्राटी हाये. गेली त गेली. परीक्षा बंद पाडीन.