व्हर्जिल भावजींचं लाकडी रिव्हॉल्व्हर

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा माझ्या नवऱ्यानं मला रिव्हॉल्व्हर भेट दिलं, आणि माझे भावजी त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. भेटीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. आमच्या कूपर्स फोर्कमध्ये अशी भेट कुणाला नवी नाही. राग होता तो त्यांना न विचारता आणल्याचा. डेलनं परगावच्या बंदुकांच्या प्रदर्शनातून सगळ्यात छोटं आणि सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर उचललं होतं, वर गुलाबी मूठ. बायकोला द्यायचं म्हणजे हलकं हवं, असा त्याचा समज. केंटकीतल्या झाडून सगळ्या नवऱ्यांचा हाच समज असतो.

मी परसातल्या मातीच्या ढिगावर पाच गोळ्या झाडायला गेले आणि तिसरीलाच थांबले. अंगठ्याच्या मुळातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. उरलेल्या दोन डेलनं मोठ्या ऐटीत झाडल्या आणि मग पाठ फिरवून गुपचूप हात चोळत बसला. ते गुलाबी प्रकरण स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँडांशेजारी गेलं.

"लोरीन, वजन धक्का गिळतं," भावजी मला नंतर म्हणाले. "बंदूक जेवढी हलकी तेवढी तिची लाथ जोरात. आणि लाथ बसली की माणूस सराव करत नाही. सराव नाही तर ते बाळगून उपयोग काय? तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पुढच्या वेळी बायकोला चपला घेशील तेव्हाही असाच न विचारता घे."

भावजी म्हणजे माझ्या रूबीताईचे यजमान, व्हर्जिल टॅकेट. गावातल्या पशुखाद्य आणि हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला त्यांचा बंदुकांचा काउंटर आहे. मी एकोणीस वर्षं तिथं त्यांच्या शेजारी बसून सरकारी फॉर्म भरून घेतले आणि त्यांची बडबड ऐकली. उंच, वाकलेला माणूस. डावा कान गेलेला. काम करताना भजन गुणगुणायची सवय, आणि तेही इतकं बेसूर की चर्चमध्ये रूबीताई त्यांच्या शेजारी बसायचं टाळते. मधमाशी दिसली की काउंटरखाली जातात. त्यांच्या उजव्या खिशात कायम एक जुनं पोलादी पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर असतं आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही जात नाही. म्हणून किल्ल्या गळ्यात दोरीला, सुटे पैसे शर्टाच्या खिशात. दर सोमवारी धुण्याच्या मशीनमधून चिल्लर वेचता वेचता ताई त्यांचा उद्धार करते.

पण गावात त्यांचं नाव आहे ते लाकडासाठी. रोज अंगावर बाळगायला, बाहेरून दिसणार नाही असं रिव्हॉल्व्हर ज्याला हवं, त्याला ते पहिल्या दिवशी काही विकतच नाहीत. त्यांनी अक्रोडाच्या लाकडाची तीन रिव्हॉल्व्हरं कोरली आहेत. पोटात शिसं ओतून त्यांचं वजन खऱ्याइतकं केलंय, एक हलकं, एक मध्यम, एक चांगलं भारी. त्यातलं एक हातात द्यायचं आणि सांगायचं, "आठवडाभर हे घेऊन हिंड. गाडी चालव, वाक, पोराला कडेवर घे, जेवून पोट फुगलं की बघ. पुढच्या गुरुवारी ये आणि मला काय काय टोचलं ते सांग."

नवीन माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण गुरुवारी लोक यायचे आणि तक्रारींचा पाढा वाचायचे, आणि भावजी डोळे मिटून, लग्न जमवणाऱ्यासारखं सगळं ऐकून घ्यायचे. आमचे पाद्री हॉलिस यांनी लाकूड पाठीमागे कमरेला खोचलं होतं. प्रार्थनेला गुडघे टेकले तसं ते निसटलं आणि ऑर्गनच्या पायरीवर ठण्णकन आपटलं. अख्खी मंडळी बाकांखाली! दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवा काउंटरवर येऊन म्हणाले, "व्हर्जिल, कमरेला नको रे बाबा, खिशातलंच दे."

डार्ला नावाची एक नर्स होती. डोंगरातल्या घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं ड्रेसिंग करायची, एकटी, जिथं फोनही लागत नाही अशा रस्त्यांवर. तिला रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं आणि घ्यायची भीतीही होती.

"व्हर्जिलकाका, मी ते पर्समध्ये ठेवीन."

"आणि पर्स कुठं ठेवशील?"

"पेशंटच्या खाटेवर... ओटीवर... कुठंही."

"म्हणजे तुझं रिव्हॉल्व्हर तुझ्यापाशी सोडून सगळ्यांपाशी असणार. पेशंटच्या नातवापाशीसुद्धा. पर्सचं नाव काढू नकोस. अंगावर, नाहीतर घरी कुलपात."

मग त्यांनी तिला रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला लावला. तिचं बोट मध्येच थांबायचं, एवढा तो जड. भावजींनी दुसरं काढलं, तिसरं काढलं. गोळीवर आपटणारा घोडा बाहेर आलेलं तिला देईनात, खिशातून काढताना कापडात अडकतो म्हणून. शेवटी घोडा आत झाकलेलं, चाप मऊ असलेलं, पोलादी आणि मूठ जरा लांब असं एक सापडलं. एका रिव्हॉल्व्हरसाठी ती बाई पाच वेळा आली. मला फॉर्म पुन्हा पुन्हा काढायचा वैताग यायचा. मी म्हटलं, "भावजी, एवढी कटकट करणारी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात पाठवा ना."

"कटकट करू दे गं," ते म्हणाले. "कटकट करतेय म्हणजे उद्या, परवा, पुढच्या वर्षी ते बाळगायचं म्हणतेय."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले.

एमेट स्लोन आला तो जानेवारीत, सकाळी साडेनऊच्या सुमारास. एमेट भावजींचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची बायको ओपल उन्हाळ्याच्या आधी गेली. बेचाळीस वर्षांचा संसार. त्यानंतर तो चर्चला यायचा, कुणी डबा दिला तर घ्यायचा, हसायचासुद्धा. ऑक्टोबरात त्यानं आपल्या शिकारीच्या तिन्ही रायफली नातवांना देऊन टाकल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही केलं. म्हटलं, माणूस असावा तर असा.

"व्हर्जिल, एक रिव्हॉल्व्हर दे," तो म्हणाला. "खिशात मावेल असं."

"कशासाठी रे?"

"असू द्यावं. आजकाल दिवस कसे आहेत."

भावजींनी नेहमीप्रमाणे मधलं लाकूड पुढं सरकवलं. एमेटनं कुरकुर न करता ते कोटात टाकलं आणि गेला. मला काहीच खटकलं नाही. गुरुवारी तो बरोबर वेळेवर हजर झाला आणि लाकूड काउंटरवर ठेवलं.

"काय टोचलं?" भावजींनी विचारलं.

"काही नाही. छान होतं."

"गाडीत बसताना?"

"छान होतं म्हटलं ना."

"कुठल्या खिशात ठेवायचास?"

एमेट कोटाकडे बघत म्हणाला, "उजव्या."

एमेट डावखुरा आहे. शाळेत बेसबॉलला डाव्या हातानं चेंडू टाकायचा, ही गोष्ट भावजी मला शंभरदा सांगून चुकले होते. माझा पेन हातातच राहिला.

भावजींचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी काचेच्या कपाटातून तीन रिव्हॉल्व्हरं काढली, ती रिकामी असल्याचं दाखवलं आणि ओळीनं मांडली. "निवड," म्हणाले.

एमेटनं पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यात जवळचं होतं त्याच्यावर बोट ठेवलं. "हे चालेल."

"चाप ओढून बघ."

"चालेल रे. लोरीन, फॉर्म काढ."

"कशासाठी हवंय, एमेट?"

"सापांसाठी," तो म्हणाला. "परसात साप फार झालेत."

बाहेर हातभर बर्फ पडलेला. तिघांनाही तो दिसत होता. भावजींनी एकेक रिव्हॉल्व्हर उचललं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या आत टाकली.

"मी तुला विकणार नाही."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस की. विकायचं की नाही हे माझ्या हातात आहे, आणि मी नाही विकणार."

मी एमेटला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. गोरा चेहरा लालबुंद. "साठ वर्षांची दोस्ती आपली! तुझं घर जळालं तेव्हा छप्पर कुणी घातलं? आणि आज मला चोरासारखं परत पाठवतोस? तिकडे पाइनव्हिलच्या रस्त्यावर आणखी दोन दुकानं आहेत. ते असले लाकडाचे खेळ खेळत नाहीत."

"माहीत आहे मला."

"मग?"

भावजी दोन्ही हात काउंटरवर टेकून उभे राहिले. त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढं सरकावं लागलं. "ही लाकडं मी का कोरली ठाऊक आहे? आपल्या शाळेतला बँड मास्तर होता ना, कार्ल? तो आला होता माझ्याकडे. मी जे पहिलं दाखवलं ते त्यानं घेतलं. जड आहे का, टोचेल का, काही विचारलं नाही. मी घरी जाऊन रूबीला सांगितलं, आज फार शहाणं गिऱ्हाईक आलं होतं, जरासुद्धा कटकट नाही. रविवारी त्याला पुरला. तेव्हापासून मी कुणालाच पहिल्या दिवशी देत नाही. टोचण्या-बिचण्याचं खरं आहे, ते लोकांच्या उपयोगी पडतं. पण मला तो आठवडा हवा असतो, एमेट. मला माणूस परत आलेला बघायचा असतो."

एकोणीस वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं. कटकट करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी मनातून शिव्या घातल्या होत्या, त्या आठवून मला स्वतःची लाज वाटली.

एमेट वळला आणि दारातून बाहेर गेला. त्याच्या ट्रकचं इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं. आणि आमचे भावजी, ज्यांनी माझ्या देखत कधी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काउंटर सोडला नव्हता, त्यांनी एप्रन काढून माझ्या अंगावर फेकला. खिशातलं स्वतःचं रिव्हॉल्व्हर काढलं, तिजोरीत ठेवलं, तिजोरी लावली. कोट न घालताच ते बर्फात धावले. पंचाहत्तरीचा माणूस! ट्रक मागे येत होता तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आत चढून बसले.

"उतर!" एमेट ओरडला. काच बंद असूनही मला ऐकू आलं.

भावजींनी सीटचा पट्टा लावून घेतला.

ट्रक तिथंच उभा राहिला, अर्धा पार्किंगमध्ये अर्धा रस्त्यावर. पशुखाद्य न्यायला आलेले लोक वळसा घालून जात होते. मी खिडकीतून बघत होते. आधी एमेट बोलत होता, हात उडवून. मग भावजी. तासाभरानं मी कॉफी आणि रूबीताईनं डब्यात दिलेला मक्याचा पाव घेऊन गेले. काच खाली आली. भावजींनी एमेटच्या कोटाची बाही मुठीत धरून ठेवली होती. कडाक्याच्या थंडीनं त्यांचे ओठ निळे पडले होते, पण बाही काही सोडली नव्हती.

"आतला हीटर चालू करा तरी, एमेटभाऊ," मी म्हटलं. दुसरं काय बोलावं ते सुचेना. "आमच्या ताईला नवरा जिवंत हवाय."

"हा मूर्ख उतरतच नाही," एमेट म्हणाला.

"उतरायचे नाहीत ते. मी ओळखते ना. भोपळ्याएवढं डोकं, आत नुसता हट्ट."

एमेटनं पावाचा तुकडा हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिला. पुढचं लिहू का असं मी त्याला परवा विचारलं. म्हणाला, लिही, पण मी रडलो ते लिहायचं नाही. तर एमेट रडला नाही. त्यानं पाव खाल्ला, सगळा खाल्ला, आणि स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "लोरीन, डॉक्टरांकडे फोन लाव. काय झालंय ते तू सांग. मला नाही सांगता यायचं."

मी आत येऊन दवाखान्यात फोन लावला. नंबर दोनदा चुकला. तिकडच्या बाईला मी जसं सुचेल तसं सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. घरात हत्यार आहे का, विचारलं. सगळी देऊन टाकलीत म्हणून सांगितलं. लगेच घेऊन या, डॉक्टर थांबतील, म्हणाली. मग तिनं विचारलं, "आत्ता या क्षणी त्यांच्याजवळ कोण आहे?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"माझे भावजी आहेत," मी म्हटलं. "ते कुठं जायचे नाहीत."