चिखलदऱ्याले श्रावणात जाऊ नको

अवं पोट्टे, जराशी बसून वाच. लगन होऊन महिना नाही झाला, अन् मावशीले फोन केला तो कशाले, तर चिखलदऱ्याले कोणत्या महिन्यात जाऊ म्हणून! मावशीचे गुडघे कसे आहेत, हे काही इचारलं नाही. राहू दे. फोनवर पुरं सांगता येत नाही मले, म्हणून लिहून राहिली.

उन्हाळ्यात आमची अमरावती भट्टीसारखी तापते, तवा लोक वर पळतात. वर थंड असते, पण डोंगर पार उघडाबोडका. दिवाळीनंतर जा. दरी तळापर्यंत साफ दिसते, तिथलीच स्ट्रॉबेरी भेटते, सकाळी शाल लागते. पण तुमाले पाहिजे श्रावण, फोटोत धुकं यावं म्हणून. तेच नको म्हणते मी.

आमीबी श्रावणातच गेलो होतो. संत्र्याच्या बगीच्यातली निंदाई-खुरपणी आटपली होती, म्हणून तुह्या काकाजींनी गाडी काढली. वर पॉइंटवर आमची एकच गाडी. वाटेवर एक कणीसवाली बसली होती, हे तिच्याकडं गेले अन् मी कठड्यापाशी थांबली. तिथलं धुकं आभाळातून उतरत नाही, दरीतून वर येते. आधी समोरचा डोंगर गेला, मंग कठडा, मंग माह्याच पायातल्या चपला.

मी यांले हाक मारली, "अजी!"

"ओ," आलं. यांचं असते तसंच, तुटक, तोंडात सुपारी असल्यासारखं. मी कठडा चाचपत तिकडं निघाली. पुन्हा "अजी" म्हणलं, पुन्हा "ओ". आता जरासं पुढून, जरासं खालून. कठडा संपला. पायाखाली ओलं गवत लागलं. मले वाटलं, हे म्हातारपणी लपाछपी खेळून राहिले.

मी इचारलं, "कणीस भेटलं का?"

"ओ."

असं कोणी उत्तर देते का? मी जागीच थांबली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोणाशी बोलून राहिली वं?"

हाबी यांचाच आवाज. मी काही बोलली नव्हती, तरी खालून लगेच आलं, "ओ." ते मागच्यानंबी ऐकलं असन. तो हळूच म्हणाला, "हालू नको. अजी म्हणू नको. नाव घे माह्यं."

आता सांग, दोन आवाज, दोन्ही यांचेच, अन् दिसत कोणीच नाही. पाय कोणीकडं टाकू? नाव मी उखाण्यातच घेतलेलं, तेबी बाया मागं लागल्या तवा. जीभ उचलत नव्हती. पण उचलली. उखाणाबिखाणा नाही, नुसतं नाव, लहान पोराले हाक मारावी तसं.

मागून "ओ" आलं अन् गरम कणीस माह्या हातावर टेकलं. खालून काही आलं नाही.

धुकं पातळ झालं तवा पाह्यलं, माह्या पुढं हातभर गवत होतं, त्याच्यापुढं नुसती दरी. हे म्हणाले, असन दुसऱ्या कोणाचा नवरा, आपल्या बायकोले ओ देत. मी म्हणलं, असन. पण गाडी आमची एकच होती. कणसं तशीच गार झाली.

मले तुह्या लग्नाचं आठवते. जावाई मांडवात हरवले, तर तू "ऐक ना, ऐक ना" करत फिरून राहिली होती. तुमी पोरी शिकल्या, पण अजी गेलं अन् ऐक ना आलं. ऐक ना म्हणलं तर कोणीबी ऐकन.

म्हणून म्हणते, दिवाळीनंतरच जा. अन् त्याच्याआधी अकोल्याहून दोघं इकडं या, येत्या रविवारीच या. काकाजी संत्र्याचा मुरांबा काढून ठेवतात. जावयांले अंगणात उभं करू, तू सैपाकघरातून त्यांले नावानं हाक मार. मले एकदा ऐकू दे, मंग जाय कुठं जायचं तिथं.