प्रल्हादचा मानाचा घास

"हा माणूस खोटं बोलतोय, मॅडम. चोरून पोळी खातो," डॉक्टरांनी प्रल्हादचे रिपोर्ट माझ्यासमोर टाकले.

मी वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. प्रल्हाद किन्हीराजा गावचा शेतकरी. त्याला सीलिॲक आहे. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं, की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. त्याचं लोह, फोलेट आणि बी-१२, तिन्ही कमी होती. रक्त कमी म्हणून थोडं चाललं तरी छातीत धडधड. शिवाय फोलेट आणि बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य साठतं. ते वाढलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो. प्रल्हादचे वडील हार्ट अटॅकनं गेले, तेव्हा ते त्याच्याच वयाचे होते. त्यामुळे रिपोर्ट बघून तो घाबरला होता, आणि मीही.

गहू बंद करून बरेच महिने झाले होते, तरी रक्तातल्या अँटीबॉडीज उतरत नव्हत्या. याचा अर्थ गहू कुठून तरी पोटात जात होता.

मी त्याला आणि त्याच्या बायकोला, सुनीताला, समोर बसवलं. हिंग, मसाले, बिस्किटं, जिथे जिथे गहू लपतो ते सगळं विचारून झालं. शेवटी मी चक्कीबद्दल विचारलं तशी सुनीता भडकली.

"ज्वारी मी घरच्या घरघंटीवर दळून राह्यली, मॅडम. त्याच्यात गव्हाचा दाना नाई पडू देत. अजून काय करू?"

ती खरं बोलत होती. मग माझं लक्ष प्रल्हादच्या बोटांकडे गेलं. टोकांना ताजे फोड होते.

"हे कशानं भाजलं?"

"रोडग्याच्या आरानं. गावात कोनाचा नवस फिटला का रोडगे मीच भाजतो."

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यावर, भाजलेले. कणीक गव्हाची!

"खाता?"

"छे! एक घास घेतो फक्त. नैवेद्य झाला का यजमान पयला घास भाजनाऱ्याले देते. त्याच्याबिगर पंगत बसत नाई."

"मग तो खाल्लाच ना?"

"तो मानाचा हाय, मॅडम. खान्यात कायले धराचा?"

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. नवसाच्या हंगामात त्याला असा मान सारखाच मिळायचा. आतडं भरून यायला लागलं, की पुन्हा घास.

डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं सुरू करू."

"करा. बी-१२ वाढेल. पण आतडं घासानं बिघडतंय, ते घास थांबल्याशिवाय सुधारणार नाही. मी गावात जाते."

पुढचा नवस तात्यांचा होता. गावातले मोठे शेतकरी. मी सगळं समजावलं. तात्यांनी मान हलवली, पण नकारार्थी.

"पयला घास नाकारला तर नवस अर्धा राह्यते, बाई."

"आणि तो घास खाऊन प्रल्हाद आडवा झाला तर नवस पूर्ण होतो का?" माझा आवाज चढला होता.

नवसाच्या दिवशी मीही गेले. सुनीतानं वांग्याची भाजी रोडग्यांपासून लांब, वेगळ्या वाटीत काढून ठेवली. नैवेद्य झाला. तात्या सवयीनं रोडगा मोडू लागले. पंगत थांबलेली, सगळ्यांचे डोळे प्रल्हादवर. त्यानं हात मागे घेतला.

"तात्या, मले भाजीचा घास द्या. रोडगे भाजीन, पन खानार नाई. मले बापाच्या वयाच्या पुढं जाचं हाय."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नवसात विघ्न आणलं. मग हात धुतले, वाटी उचलली आणि भाजीचा घास त्याच्या तोंडात घातला.

"घे बाबा. तू जगला तर पुढच्या वर्षी रोडगे होतीन."

पंगत बसली. मीही जेवले, आणि रोडगे खरंच सुरेख भाजले होते.

पुढल्या तपासण्यांत अँटीबॉडीज उतरत गेल्या. रक्त वाढलं, होमोसिस्टीन खाली आलं, धडधड थांबली. प्रल्हाद आता बापापेक्षा मोठा आहे.

मी मात्र आता पेशंटला 'काय खाता' एवढ्यावर सोडत नाही. कोणापुढे 'नाही' म्हणता येत नाही, तेही विचारते.