अण्णांच्या खाटेखालचा सुरण

मला भाजी कळत नाही. दुधी आणला तर जून निघतो, कैरी आणली तर गोड निघते. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली तरी बायको मला बाजारात एकटा पाठवत नाही. म्हणून एका रविवारी मी जवळच्या गिरीज गावातल्या एका वाडीतून, कुणाला न विचारता, स्वतःच्या हाताने छान गरगरीत सुरण उचलून आणला, तेव्हा फार मोठा पराक्रम केल्यासारखा घरात शिरलो होतो.

तो सुरण नव्हता.

भूतखेत, करणी, मागून येणारी पावलं... असलं काही मी मानत नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना वाचतो आणि मजेत हसतो. हा मात्र कृपा करून जेवताना वाचू नका.

आम्ही वसई पश्चिमेला राहतो, सोसायटीत पहिल्या मजल्यावर. मी वालीवला एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. घरात मी, बायको शुभदा आणि तिचे वडील, अण्णा. अण्णांची सावंतवाडीकडे पिठाची गिरणी होती. जन्मभर छातीत पीठ गेलं, मिरचीची भुकटी गेली, आणि म्हातारपणी तिथे हवेला जागा उरली नाही. दोन शब्द बोलले की थांबायचे. पेजेचे दोन घोट घेतले की थांबायचे. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं होतं... नाकात नळी आणि सारखी घरघर. अण्णा म्हणायचे, गिरणी विकली तरी घरघर काही सुटली नाही. तोंडात कायम एक लवंग.

आता शुभदाबद्दल. उष्टं-खरकटं या विषयात ती कडक आहे. माझ्या ग्लासातलं पाणी ती पीत नाही. मी डावाने आमटी चाखून डाव परत पातेल्यात घातला, तर आख्खं पातेलं मोरीत जातं आणि त्यामागून माझी अब्रू. हे लक्षात ठेवा.

तर गिरीजची वाडी बस्त्यावची. आम्ही एकाच कारखान्यात आहोत. केळी, नारळ, थोडी भाजी, आणि मध्ये बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं आमच्याकडचं जुनं तळं. बस्त्याव केळीचा घड उतरवत होता, म्हणाला तुला काय हवं ते घे. बावखलाच्या काठाला चिखलात तो बसला होता. तपकिरी, खडबडीत, अंगावर कोंबांचे उंचवटे. हाताला कोमट लागला, पण मी म्हटलं, ऊन आहे.

शुभदाने दाबून बघितला, म्हणाली ओला आहे, खाजेल, सुकू दे थोडा. आणि अण्णांच्या नवारीच्या खाटेखाली, कांद्याच्या टोपलीत ठेवून दिला.

दोन-तीन दिवसांत अण्णांनी एक संपूर्ण वाक्य उच्चारलं. मध्ये न थांबता. वाक्य माझ्यावरच होतं, सुरण म्हणून धोंडा आणला म्हणून, ते सोडा. "जावयबापूंनी सुरण न्हय, धोंडो हाडल्यानी." आणि वर हसले. धाप न लागता.

मग नळी काढून बसायला लागले. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या त्या चिमट्यावर असे आकडे दिसायला लागले, जे आम्ही वर्षभरात पाहिले नव्हते. डॉक्टरांना वाटलं श्वासाचा नवीन पंप लागू पडला. मला वाटलं वसईची हवा, गिरीजची भाजी, माझी सेवा. शुभदा खाटेखालचा केर काढत राहिली.

आणि मग वास सुरू झाला. आंबोळीचं पीठ उन्हाळ्यात उतू जाऊन ओट्यावर वाळतं ना... तसा आंबूस, त्यात भिजलेल्या गोणपाटाचा, आणि त्या सगळ्यात कुठेतरी लवंग. मी म्हटलं, अगं, उंदीर मेलाय. तर ती म्हणाली, असेल, मी बघते. आणि बघितलं नाही! माझी बायको, जी झुरळाच्या मिशीवरून खोली धुऊन काढते, ती म्हणते "मी बघते" आणि चहा टाकते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण भाजीसारखी मला बायकोही पुरती कळत नाही.

ती देवळात गेली असताना मीच मोबाईलचा टॉर्च घेऊन खाटेखाली शिरलो. वर अण्णा दुपारचे झोपले होते.

कसं सांगू... अण्णांनी वर श्वास सोडला, की त्या सुरणाचे सगळे कोंब उघडायचे. एकदम, सगळे. आत ओलं, गुलाबी, हिरड्यांसारखं. अण्णा श्वास घ्यायला लागले, की ते सगळे मिटायचे आणि मधल्या एका फटीतून गरम वाफ निघून नवारीतून वर जायची. दोन सुतार एक करवत ओढतात तशी लय. एकाने सोडायचं तेव्हा दुसऱ्याने घ्यायचं. दर खेपेला फटीच्या कडेने चिकट पाण्याची तार लोंबायची आणि कांद्यांवर पडायची. ते कांदे आम्ही खात होतो.

मी तोंडातून हवा सोडली. भीतीने सुटतेच. ते कोंब माझ्याकडे वळले.

आणि त्याने माझा श्वास घेतला. माझा संपला तरी तो ओढतच राहिला. छातीच्या पार तळाला, जिथे मी आयुष्यात कधी श्वास नेला नव्हता, तिथून खरवडून नेला. आणि मग... परत दिला. तोंडात लवंग आली. मी लवंग खात नाही. लवंगेमागून खोकल्याचं औषध, सकाळची पेज, अण्णांच्या कवळीचा वास. त्याखाली बावखलाचा चिखल. आणि त्याच्याही खाली काहीतरी फार जुनं, कोमट, पुष्कळांनी वापरलेलं. माणसांनी नव्हे. याला शब्द नाही, पण जीभ ओळखते. उष्टं.

खाटेला डोकं आपटून मी बाहेर आलो आणि मोरीत जाऊन आतडी बाहेर येईपर्यंत ओकलो.

परत आलो तर अण्णा जागे. घाबरले होते, पण धाप नव्हती. "ऱ्हवांदे त्येका," म्हणाले. "ह्यां हयलां न्हय. माझां उष्टां खाता, नि माका ताजां देता." मग दाराकडे बघत हळूच, "शुभाक सांगू नकात."

म्हणजे तो इथला नाही, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

त्या रात्री मी ताट तसंच ठेवून उठलो. एकच चित्र डोळ्यांसमोर. हा जिथून आला तिथे याचे भाऊबंद असणार. सगळे दाटीवाटीने बसलेले, आणि एकच श्वास या तोंडातून त्या तोंडात, पिढ्यान् पिढ्या... चहाचा एकच कप आख्ख्या गावाने चाटावा तसा. आणि त्यातला एक घोट आता माझ्या पोटात.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. शुभदा बाजारात गेली, अण्णा आंघोळीला गेले, तेवढ्यात त्या सुरणाला सिमेंटच्या गोणीत घातलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवून निघालो. अण्णांचं काय होईल, हे मनात आलं नाही असं नाही. पण डॉक्टरांचा पंप आहे, मशीन आहे, असं स्वतःला बजावत राहिलो. गोणी फुगत होती, बसत होती. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी विचारलं, कोंबडी आहे का? मी हो म्हटलं.

बस्त्यावने गोणीत एकदा डोकावून तोंड फिरवलं. मग सांगितलं, की गेल्या वर्षी भर दुपारी बावखलात आभाळातून काहीतरी आपटलं होतं. पाणी कोमट झालं, बारके मासे काठाला येऊन मेले. तेव्हापासून त्यांचं कुत्रं तिथे पाणी पीत नाही. अरे, मग मला आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. तर म्हणाला, "तू उचललास तो मी बघितला कुठे? नि ते पानी हल्ली आम्हीपन वापरत नाय."

मी त्याला पाण्यात सोडलं. अर्धा बुडाला, बुडबुडे आले, बस्स.

घरी आलो तर मशीन चालू. अण्णा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकलेले, ओठ जांभळे. एक शब्द, मग थांबणं. दुसरा यायचाच नाही. शुभदा नाकातली नळी धरून बसली होती.

"सुरण कुठाय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सडला होता, टाकला.

"सडला नव्हता. मी रोज पुसत होते त्याला."

मी दारातच उभा. ती उठली, शेजारच्या वहिनींना अण्णांजवळ बसवलं, ओढणी कमरेला बांधली आणि जिना उतरली. मी मागून स्कूटरची किल्ली घेऊन.

बावखलात ती चपला काढून उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, वर हिरवी साय. ज्या बाईने माझं उष्टं पाणी कधी प्यायलं नाही, ती दोन्ही हात खांद्यापर्यंत त्या घाणीत घालून चाचपत होती. काठावर बस्त्यावच्या आईने छातीवर क्रूस काढला. शुभदाने त्याला वर काढलं तेव्हा त्याचे कोंब सगळे मिटलेले होते. तिने त्याच्यावर तोंड नेलं आणि श्वास सोडला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा उघडले.

येताना ती मागे बसली होती, ते मांडीवर छातीशी धरून. ड्रेसवरून चिकट पाणी माझ्या पाठीला लागत होतं. मी आरशात पाहिलं. वाटलं होतं तोंड बाजूला करून बसली असेल. नव्हतं केलेलं. पूर्ण रस्ताभर ते दोघं करवत ओढत होते. मला दोनदा स्कूटर थांबवावी लागली... ओकायला. तिला नाही.

संध्याकाळी अण्णांचे ओठ परत लाल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सबंध वाक्यात शिव्या घातल्या. एकदाही न थांबता.

मी तेव्हापासून हॉलमध्ये झोपतो, दार लावून, पंखा पाचवर.

अण्णा आंबे येईपर्यंत राहिले. दोन आंबे खाल्ले आणि एका पहाटे गेले. नाकात नळी नव्हती, मशीन बंद होतं. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस कसे काढले कळत नाही. माझा मेहुणा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्याला फोटो दाखवला. सुरण बरा आहे, म्हणाला. कुठून आलं, काय आहे, त्याला घ्यायला कोणी येणार आहे का? कुणाला ठाऊक असेल तर कळवा, फक्त जेवणाच्या वेळी फोन करू नका.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मी तीच सिमेंटची गोणी झटकून आतल्या खोलीत गेलो. म्हटलं, आता याचं काम संपलं, सोडून येतो.

शुभदा रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर पडली होती, तोंड टोपलीजवळ. डोळे मिटलेले. कोंब उघडत होते, मिटत होते.

तिने वळून पाहिलं नाही.

"थांबा," म्हणाली. "अजून लवंग येतेय. संपली की सांगते."