गयासभाईंच्या ड्रॉवरातला फोन

वाळूजच्या कारखान्यांत नोकरी लागायची तर डिग्री असलीच पाहिजे असं नाही, ओळखही एक वेळ नसली तरी निभतं. पण रेझ्युमे मात्र गयासभाईंच्या दुकानातला पाहिजे, असं आमच्याकडं एक मत आहे. हे मत खुद्द गयासभाईंचं आहे, आणि औरंगपुऱ्यात त्याला आव्हान द्यायला अजून कोणी पुढं आलेलं नाही.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबोडकी खोली. पुढं कॉम्प्युटर, झेरॉक्सचं यंत्र आणि पंखा. तिन्ही एकदम लावले की बटण पडतं, म्हणून उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला विचारलं जातं, वारा पाहिजे की झेरॉक्स? मागं पडदा. पडद्यामागं एक जुनं लाकडी टेबल, त्याच्यावर चादर. बाहेर पाटी आहे: 'गयास टायपिंग, झेरॉक्स, रेझ्युमे'. पाटीवर खाली आणखी एक ओळ होती. गयासभाई दर रमजानच्या आधी तिच्यावर पांढरा रंग मारून घेतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ती रंगातून हळूहळू वर येते: 'मोटार भरून मिळेल'. खालचा ऑइलपेंट भारी होता, असं रंगवाला म्हणतो. गयासभाई काही म्हणत नाहीत. फक्त पुढच्या वर्षी रंग जरा जाड लावायला सांगतात.

मी माझं लिखाण टाइप करून घ्यायला तिथं जातो, तेव्हा त्यांची पद्धत मला पाठ आहे. ते नवी फाइल कधीच उघडत नाहीत. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, त्याच्या नावावर नवं नाव चढवायचं, त्याच्या गावावर नवं गाव, की झाला रेझ्युमे. नवी फाइल म्हणजे नवी सून, ते म्हणतात, घरात काय कुठं ठेवलंय तिला ठाऊक नसतं. त्यामुळं एकाचे छंद दुसऱ्याला लागतात. पिशोरच्या पुंजारामच्या रेझ्युमेत असंच कोणाचं तरी बुद्धिबळ राहून गेलं. मुलाखतीत साहेबांनी आवडती चाल विचारली. पुंजाराम म्हणाला, साहेब, ते दुकानातून आलंय, माझं नाय. साहेब इतके हसले की पुंजाराम आजही तिथंच कामाला आहे. पुढं शहराचं नाव बदललं, तेव्हा नवं नाव पत्त्याच्या ओळीत मावेना. गयासभाईंनी अक्षर बारीक केलं आणि म्हणाले, माणसानं नाही तर फॉन्टनं तरी ॲडजस्ट करावं.

पण प्रत्येक फाइल मागच्या फाइलवरून झाली, तर सगळ्यांत मागं कोण? मी एकदा सहज विचारलं होतं. गयासभाई स्टेपलरमध्ये पिना भरत होते. भरता भरता म्हणाले, "जावेद."

जावेद त्यांचा धाकटा भाऊ. त्याची गोष्ट त्यांनी मला एका बैठकीत कधी सांगितली नाही. दोन झेरॉक्सच्या मधे थोडी, प्रिंटर अडकला की थोडी, अशी ती मला काही वर्षांत मिळाली. खुलताबादला त्यांच्या वडिलांचं मोटार भरायचं दुकान होतं. शेतातल्या पंपाची मोटार जळली की आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, वरून वार्निश पाजायचं, याला मोटार भरणं म्हणतात. जावेदला ते बापाकडून आलं. पडद्यामागचं टेबल त्याचं. मोटार नुसती चालू करून तो तिच्या आवाजावरून आजार सांगायचा. त्याची बायको जोहरा घरी बसून त्याला तारांची वेटोळी करून द्यायची.

गयासभाईंना ते आवडत नव्हतं. पुढं कॉम्प्युटरवर पांढरपेशी गिऱ्हाइकं आणि मागं काळ्या हातांचा भाऊ! त्यांना भावाचं भलं करायचं होतं, आणि भलं करणारा मोठा भाऊ फार विचारत बसत नाही. त्यांनी जावेदचा रेझ्युमे केला, स्वतःच्या हातचा पहिला. त्यातून मोटारी काढून टाकल्या. क्वालिटी इन्स्पेक्टर होण्याची महत्त्वाकांक्षा घातली. आणि शेवटी एक ओळ टाकली: 'कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्यास तयार'. रेझ्युमे नोकरीच्या वेबसाइटवरही चढवला. नोकरी लागली. सेकंड शिफ्ट, मध्यरात्री सुटणारी. पहिल्या पगाराच्या आधीच वाळूजच्या रस्त्यावर दिवा न लावता उभ्या असलेल्या एका ट्रकवर जावेदची मोटारसायकल गेली. त्याची मुलगी अरफा तेव्हा बालवाडीत होती.

त्यानंतर गयासभाईंनी शेकडो रेझ्युमे केले, सगळे त्याच फाइलच्या पोटचे. फक्त ती शिफ्टची ओळ त्यांनी कोणालाच दिली नाही. कोणी हट्टच धरला तर ते कॉम्प्युटरकडं बोट दाखवून सांगतात, हे मशीन ते घेत नाही.

आणि तो फोन. जावेदचा जुना बटणांचा फोन ड्रॉवरात असतो. गयासभाई त्याला न चुकता चार्ज करतात, रिचार्ज मारतात. का, तर नवीन रेझ्युमेत नंबर बदलायचा राहून जातो आणि कंपनीवाले त्या नंबरवर लावतात, म्हणून. हे कारण खरं आहे. वरद नावाच्या एका पोराच्या मुलाखतीचा निरोप असाच ड्रॉवरात आला होता आणि गयासभाई चपला न घालता गुलमंडीपर्यंत त्याला शोधत गेले होते.

पण तो फोन खुद्द जावेदसाठीही वाजतो. वेबसाइटला कोणी कळवलं नाही ना! तिच्या लेखी जावेद अजून नोकरीतच आहे, आणि ती दर वर्षी त्याच्या अनुभवात एक वर्ष घालते. तो ज्युनिअरचा सीनियर झाला. सुरुवातीला हेल्परच्या जागांसाठी फोन यायचे, आता सुपरवायझरच्या जागांसाठी येतात. आमच्या ओळखीत इतकी बढती जिवंत माणसाला मिळालेली नाही. फोन थरथरला की सगळा ड्रॉवर घुमतो, अगदी पाण्याची मोटार लागल्यासारखा. गयासभाई उचलतात. पलीकडून कोणीतरी मधाळ आवाजात जावेद शेख आहेत का विचारतं.

"ड्यूटीवर आहे," ते सांगतात, आणि ठेवून देतात.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उन्हाच्या भर दुपारी माझ्या हातावर काटा आला. गयासभाईंनी मला पाणी दिलं आणि लेखातला एक परिच्छेद फार लांबलाय म्हणून सांगितलं.

मागच्या वर्षापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली. दुकानात वार्निशचा वास यायला लागला. शुक्रवारी नमाजहून आले की हटकून. गयासभाई पडद्याकडं बघत नसत. मलाच हळूच विचारत, साहेब, तुम्हाला पण येतो ना? मी येतो म्हटलं की त्यांना एकाच वेळी बरंही वाटे आणि घामही फुटे. एकदा नमाजला जाताना त्यांनी पडद्यामागच्या टेबलावर चहाचा एक कप नेऊन ठेवला. परत आले तर कप रिकामा. त्या दिवशी त्यांनी तीन रेझ्युमेंत जन्मतारखेच्या जागी पिनकोड टाकले.

अशात अरफाचा डिप्लोमा झाला. इलेक्ट्रिकल. पेढे घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, बडे अब्बा, आता माझा रेझ्युमे. जो माणूस अनोळखी पोराला गरम गरम भज्यासारखा रेझ्युमे काढून देतो, त्यानं पुतणीला रोज नवं कारण दिलं. प्रिंटरची शाई संपली. फॉन्ट बिघडला. ग्रह बरे नाहीत, असंही एकदा म्हणाले. मी म्हटलं, गयासभाई, हे तर आमच्याकडचं कारण आहे. ते म्हणाले, चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी.

शेवटी एका शुक्रवारी नमाजहून आल्यावर त्यांनी कागद तिच्यासमोर ठेवला. मी बाकावर माझी प्रुफं तपासत होतो. अरफा उभ्यानं वाचत होती. कागदावरची मुलगी नीटनेटकी होती: ऑफिसात फायली लावणारी, कॉम्प्युटरचं ज्ञान असलेली, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि फक्त दिवसा काम करणारी. छंद, बुद्धिबळ.

"बडे अब्बा, ही कोण आहे?" तिनं विचारलं.

गयासभाईंनी समजावून सांगितलं. बँकेत, पतपेढीत, दवाखान्यात, कुठंही लागेल. पंख्याखाली काम. मोटारीबिटारीचं डिप्लोमात शिकलीस ते ठीक आहे, पण पोरीनं तारा गुंडाळायच्या म्हटलं तर लोक हसतील.

अरफा आत गेली, पडदा बाजूला केला आणि टेबलावरची चादर ओढली. खाली कूलरची एक मोटार उघडी पडलेली होती, नव्या तांब्यानं भरलेली, वार्निश अजून ओलं. शेजारी मिक्सरची एक. गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. गयासभाई खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

मग उलगडा झाला. ते नमाजला गेले की अरफा मागच्या दारानं यायची. वेटोळं कसं घालायचं ते जोहराच्या बोटांना आठवत होतं. तिनंच लेकीला शिकवलं होतं, आणि गयासभाई परत येताना दिसले की जोहरा जिन्यावर खोकून तिला सावध करायची. चहाही अरफानंच प्यायला होता. भूत इतकं जवळचं निघालं की गयासभाईंना हसावं की रागवावं कळेना. ते हळूच म्हणाले, "पण मागच्या मंगळवारीही वास होता. तू तर खुलताबादला होतीस."

अरफानं वळून एकदा टेबलाकडं पाहिलं.

ती पुढं आली, कागद टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "अम्मी म्हणते, अब्बांच्या कागदातूनही मोटारी तुम्हीच काढल्या होत्या. त्यांना तुम्ही विचारलं नाय. मला तरी विचारा."

गयासभाईंनी चष्मा काढला. पुसायला नाही, नुसताच काढून हातात धरला. मी प्रुफातली एक चूक दुसऱ्यांदा दुरुस्त केली. आणि त्याच वेळी ड्रॉवर घुमायला लागला.

ड्रॉवर घुमत राहिला. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. अरफा ड्रॉवराकडं बघत होती, तिला त्या फोनचं सगळं माहीत होतं, आणि बडे अब्बा काय सांगणार हेही. गयासभाईंनी फोन कानाला लावला. पलीकडची बाई मोठ्या उत्साहात होती. कोणी मनस्विनी, शेंद्र्याच्या एका कारखान्यासाठी माणसं बघणारी. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारी बनतात तिथं. जावेद शेख यांचा इतका दांडगा अनुभव पाहून...

गयासभाईंचे ओठ नेहमीच्या शब्दासाठी उघडले. तो शब्द काही आला नाही.

"जावेद नाही राहिला," ते म्हणाले. "लई वर्षं झाली."

पलीकडच्या बाईचा उत्साह उतरला. मग तिनं माफी मागितली आणि विचारलं, त्यांचं नाव आमच्याकडून काढून टाकू का? गयासभाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. झेरॉक्सच्या यंत्राकडं, पंख्याकडं, माझ्याकडं बघितलं, जणू आमच्यापैकी कोणीतरी सही करणार होतं. "काढा," ते म्हणाले. आणि लगेच, घाईनं, "थांबा, ठेवू नका. मोटार भरणारं माणूस आहे घरात. कागद संध्याकाळपर्यंत पाठवतो."

मग मी या दुकानात कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. गयासभाईंनी नवी फाइल उघडली. कोरं पांढरं पान समोर आलं आणि शेकडो रेझ्युमे केलेला तो माणूस पहिलीतल्या मुलासारखा बघत बसला. नाव कुठं लिहायचं? वर? मधे? अरफा सांगत गेली, ते टाइप करत गेले. जळलेली मोटार स्वतः उघडून भरते. आवाजावरून दोष ओळखते, दहांत सात वेळा. ते म्हणाले दहांत दहा लिहू. ती म्हणाली, सात. छंद? ती म्हणाली, छंद नाही, हेच. शिकवणारे कोण? ती म्हणाली, अम्मीचं नाव घाला. इथं गयासभाईंनी एकदा नाक ओढलं, पण जोहराचं नाव नीट लिहिलं.

शेवटी ती म्हणाली, "आता ती शिफ्टची ओळ."

"मशीन घेत नाही."

"बडे अब्बा."

त्यांची बोटं कळफलकावर नुसती टेकून राहिली. वार्निशचा वास होता. त्या दिवशी त्याला निदान कारण तरी होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी टाइप केलं: 'कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्यास तयार'. मग तिथंच थांबून, कोणालाही न विचारता, पुढं जोडलं: 'परंतु जाण्या-येण्यास कंपनीची बस हवी, आणि बसचे दिवे चालू हवेत'.

मी म्हटलं, गयासभाई, उमेदवारानं अटी घालायचा रेझ्युमे मी पहिल्यांदाच बघतोय. अरफानं ती ओळ वाचली. दिव्यांचं तेवढं काढा, म्हणाली. ते म्हणाले, ते राहील. ते राहिलं.

फोन नंबराच्या जागी तिनं ड्रॉवरातला नंबर द्यायला लावला.

मनस्विनीबाईंनी तिला बोलावलं. मुलाखतीत दिव्यांच्या ओळीवर साहेब लोक हसले म्हणे, पण कंपनीची बस आहे, असंही सांगितलं. शेंद्र्याला लागून अरफाला आता काही महिने झालेत. पाटीवरची जुनी ओळ या उन्हाळ्यात पुन्हा वर आली आणि रमजान येऊन गेला तरी रंगवाल्याला बोलावणं गेलं नाही.

परवा संध्याकाळी मी दुकानात होतो. ड्रॉवर घुमला. गयासभाई दचकले, अजूनही दचकतात. कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीचा माणूस होता, अरफा शेख आहेत का विचारत होता. गयासभाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"ड्यूटीवर आहे," ते म्हणाले.

फोन ठेवला नाही. पलीकडचा माणूस बहुधा काहीतरी विचारत होता, पण त्यांना ते ऐकू येत नसावं. थोडं थांबून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. मग फोन टेबलावर ठेवून ते दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले, बस यायला अजून बराच वेळ होता तरी.